हेडकाम झालं, तरी इंजिनात दम का नाही?

मे महिन्याच्या अखेरीला नांदेड आणि लातूरच्या गॅरेजांपुढं ट्रॅक्टरांची रांग लागते. उसाची वाहतूक संपलेली असते, मृग तोंडावर आलेला असतो आणि वर्षभर पुढं ढकललेलं इंजिनाचं काम आता उरकावंच लागतं. त्यातलं नेहमीचं काम म्हणजे हेडकाम. इंजिन तापलं, रेडिएटरमधून पाणी उसळलं, हेडचं पॅकिंग गेलं. मग हेड उतरवायचं, लेथवर नेऊन फेस मारायचा, गाइड बदलायचे, सीट कापायच्या, व्हॉल्व्ह घासायचे आणि नवं पॅकिंग टाकून हेड पुन्हा कसायचं. एवढं करून सेल्फ मारावा, तर इंजिन नुसतं फिरत राहतं. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, पण इंजिन पकडत नाही. पकडलंच तर एक सिलिंडर मार खातो आणि नांगराला लावल्यावर दम तुटतो.

इथून पुढचा वाद ठरलेला असतो. मिस्त्री म्हणतो, "मामा, हेड टाइट झालं, त्यानं खालच्या रिंगा उघड्या पडल्या. आता हाफ इंजिन काढावं लागंल." मालक म्हणतो, "उस्ताद, आणलं तवा चालत होतं. तुम्हीच बिघडवलं." कुणाचं खरं, हे दोघांच्या आवाजावरून ठरत नाही आणि इंजिन पुन्हा उघडूनही ते नेमकं कळेलच असं नाही. ते कळतं हवेच्या मागावर गेल्यानं. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा बाहेर जाते आहे, एवढं नक्की. कुठून जाते, हे हेडच्या एकाही बोल्टला पाना न लावता शोधता येतं. या प्रकरणाचा सगळा भर त्या शोधावर आहे.

दाब नाही, तर आग नाही

पेट्रोल इंजिनाला ठिणगी देणारा प्लग असतो. डिझेल इंजिनाला तसं काही नसतं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९३ ते १८९७ या काळात आउग्सबुर्गच्या कारखान्यात प्रयोग करून जे यंत्र उभं केलं, त्याचा गाभाच असा की, हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनंच इंधन पेटावं. सायकलचा पंप तोंडाशी बोट धरून जोरात मारला की नळी गरम लागते, तीच ही उष्णता.

ट्रॅक्टरच्या इंजिनात हवा साधारण सतराव्या हिश्शात दाबली जाते. बाहेरची हवा २७ अंश असेल आणि काहीच गळती नसेल, तर दाबाच्या शेवटी तिचं तापमान पाचशे अंशांच्या पुढं जातं. त्या तापलेल्या हवेत नोझलनं मारलेला डिझेलचा फवारा सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेट घेतो. हवा गळाली तर दाब घटतो, दाब घटला की तापमान घटतं, आणि डिझेल न पेटता पांढऱ्या धुराच्या रूपानं बाहेर पडतं. डिसेंबरच्या पहाटे, पारा दहा-बारा अंशांवर असताना, अशक्त इंजिन सर्वांत आधी हरतं ते याचमुळं.

मराठी शेतकऱ्याची या दाबाशी ओळख जुनी आहे. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. पुढच्या दशकांत विहिरीवर आणि नदीकाठी एका सिलिंडरची इंजिनं दिसू लागली. व्हॉल्व्ह उघडा धरणारा लिव्हर उचलायचा, हँडल फिरवून वेग घ्यायचा आणि लिव्हर सोडायचा. इंजिन चांगलं असेल तर लिव्हर न उचलता फिरवलेलं हँडल दाबाच्या वेळी हाताला जोरात अडतं आणि मागं उसळी मारतं. ते मऊ लागलं की जाणता माणूस सांगायचा, यात कॉम्प्रेशन राहिलं नाही. तीन-चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरमध्ये हात एवढं नेमकं सांगू शकत नाही. तिथं गेज लागतं.

गेज लावण्याआधी

कॉम्प्रेशन गेज हे साधं हत्यार आहे. नोझल काढून त्या भोकात ते बसवायचं, सेल्फ मारायचा आणि काटा कुठं जातो ते पाहायचं. पण चुकीच्या रीतीनं घेतलेला आकडा हा आकडा नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर भरवसा ठेवून माणूस इंजिन उघडतो.

पहिली गोष्ट बॅटरी. इंजिन मिनिटाला निदान दोनशे फेरे फिरलं पाहिजे. बॅटरी अर्धमेली असेल तर पिस्टन सावकाश वर येतो, हवेला निसटायला वेळ मिळतो आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. दुसरी गोष्ट, सगळ्या सिलिंडरांची नोझलं काढून ठेवायची आणि डिझेल बंद करायचं. नोझलच्या फवाऱ्यापुढं हात कधीही धरू नये, तो कातडीत शिरतो. तिसरी, एअर फिल्टर साफ असावा. काळ्या मातीच्या धुळीनं तो तुंबला असेल तर आत हवाच कमी येते. चौथी, प्रत्येक सिलिंडरला सारख्याच वेळा दाब द्यायचा, पाच किंवा सहा. पाचवी, जमलं तर इंजिन गरम असताना मोजायचं आणि जमलं नाही तर सगळे सिलिंडर थंड असताना. अर्धे थंड, अर्धे गरम असं करू नये. पेट्रोल इंजिन असेल तर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, आणि गेजही वेगळं असतं. डिझेलच्या दाबानं पेट्रोलचं गेज फुटतं.

आकडा किती यावा, हे त्या इंजिनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तेच प्रमाण मानावं. मोटारसायकल किंवा पेट्रोल कारमध्ये तो बहुधा १२० ते १८० पीएसआयच्या दरम्यान असतो. डिझेलमध्ये साडेतीनशे ते पाचशेच्या घरात जातो. इथं आपल्या भागातली एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत आपण बालाघाटाच्या पठारावर, सव्वासहाशे मीटरच्या वर आलेले असतो. तिथं हवाच मुळात सुमारे तीन टक्क्यांनी विरळ आहे. नांदेडला ४०० दाखवणारं इंजिन लातूरला ३८८ च्या आसपास दाखवेल आणि त्यात इंजिनाचा काहीच दोष नसेल. त्यामुळं दहा-बारा पीएसआयसाठी कुणी घाबरवत असेल, तर घाबरू नये.

आकड्यांची मांडणी काय सांगते

एका सिलिंडरचा आकडा फार थोडं सांगतो. सगळ्या सिलिंडरांचे आकडे शेजारी-शेजारी लिहिले की त्यांची मांडणी बोलू लागते. उदाहरण म्हणून तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर घेऊ.

समजा आकडे आले ४००, ३९५, २५०. दोन धडधाकट, एक पडलेला. हा दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे: व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही, टॅपेट घट्ट आहे, पुशरॉड जागेवर नाही, किंवा रिंग तुटली आहे. हेडकामात सुटलेला कार्बनचा कण सीटवर अडकला असेल, तरी असाच आकडा येतो. इंजिन कसंबसं चालू होत असेल तर ते अर्धा तास चालवून पुन्हा मोजावं. कण जळून उडून गेला तर आकडा आपोआप वर आलेला दिसतो.

समजा आले ३९०, २७०, २७५. शेजारचे दोन सारखेच पडलेले. दोन वेगळे दोष एकाच वेळी, एकाच प्रमाणात शेजारी-शेजारी येणं दुर्मीळ. इथं पहिला संशय दोन सिलिंडरांमधल्या पॅकिंगच्या अरुंद पट्टीवर जातो. एकाची हवा दुसऱ्यात जाते.

समजा आले २९०, २८५, २९०. तिघंही सारखेच खाली. तिन्ही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह एकाच मापानं बिघडत नाहीत, म्हणून सगळ्यांना समान असलेलं कारण शोधायचं. सेल्फ सावकाश फिरतो आहे का? एअर फिल्टर तुंबला आहे का? सगळेच टॅपेट घट्ट बसवले आहेत का? पॅकिंग जाड पडलं का? कॅम हेडवरच असलेल्या कारमध्ये किंवा जीपमध्ये टायमिंगचा पट्टा अथवा चेन एक दात सरकली का? दात सरकला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी मिटतात आणि सगळेच आकडे एकदम पडतात. बहुतेक ट्रॅक्टरांत मात्र कॅम खाली ब्लॉकमध्ये, गिअरवर असतो. हेड काढल्यानं त्याचं टायमिंग हलत नाही.

काटा कसा चढतो तेही पाहावं. पहिल्या दाबाला कमी आणि मग प्रत्येक दाबागणिक चढत गेला, तर संशय रिंगांवर जास्त. पहिल्यापासून खालीच घुटमळत राहिला, तर व्हॉल्व्हवर जास्त.

इथं तेलाची चाचणी सांगितली जाते. सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं; आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. पेट्रोल इंजिनात ही चाचणी बऱ्यापैकी कामाची आहे. डिझेलमध्ये ती फसवते, आणि का, ते साध्या हिशेबानं कळतं. १०० मिलिमीटर बोअर आणि ११० मिलिमीटर स्ट्रोक असलेल्या सिलिंडरची जागा सुमारे ८६४ घन सेंटिमीटर. हवा सतराव्या हिश्शात दाबायची असेल तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा फक्त ५४. त्यात चमचाभर, म्हणजे ५ घन सेंटिमीटर तेल पडलं की उरली ४९. दाबाचं प्रमाण सतरावरून साडेअठराच्या पुढं गेलं आणि रिंगा नव्या कोऱ्या असल्या तरी काटा दहा-बारा टक्क्यांनी चढला. ज्याला हे ठाऊक नाही तो रिंगांचा दोष ठरवून मोकळा होतो. शिवाय तेल जास्त पडलं तर पिस्टन त्यावर अडून कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेलला ही चाचणी करूच नये. त्याच्यासाठी याहून फार चांगला मार्ग आहे.

हवेच्या मागावर

तो मार्ग उलटा आहे. इंजिनानं हवा दाबण्याऐवजी आपणच बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून निघते ते ऐकायचं. इंग्रजीत याला लीक-डाऊन टेस्ट म्हणतात. पंक्चरच्या दुकानात असतो तेवढा कंप्रेसर पुरतो.

ज्या सिलिंडरवर संशय आहे त्याचा पिस्टन दाबाच्या स्ट्रोकवर अगदी वर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. इंजिन फिरवायला लावलेला पाना काढून घ्यायचा. हवा भरताच इंजिन गर्रकन फिरू शकतं आणि पाना हात मोडतो. मग नोझलच्या भोकातून साधारण १०० पीएसआय हवा सोडायची. दोन काट्यांचं मीटर असेल तर किती टक्के हवा गळते तेही कळतं. दहा टक्क्यांपर्यंत उत्तम, वीसपर्यंत चालणारं, तीसच्या वर गेलं तर दुखणं नक्की. रिंगांच्या तोंडातून थोडी हवा चांगल्या इंजिनातही जातेच. तेवढ्यानं बिचकू नये. मीटर नसलं तरी कान आहेत.

एअर फिल्टरच्या पाइपाला कान लावला आणि फुसफुस ऐकू आली, तर इनलेट व्हॉल्व्ह गळतो. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरायचं झाकण किंवा ब्रिदर इथून जोरात येत असेल तर रिंगा आणि लायनर. रेडिएटरचं झाकण काढून पाण्यात बुडबुडे दिसले तर पॅकिंग उडालं आहे किंवा हेडला तडा आहे. शेजारच्या नोझलच्या भोकातून हवा आली, तर दोहोंमधलं पॅकिंग. आणि नोझलच्या बुडाशी साबणाच्या पाण्याला फेस आला, तर तांब्याचं वॉशर. हा शेवटचा दोष क्षुल्लक, पण हेडकामानंतर वारंवार दिसणारा. हवेची चाचणी करताना गेजचा जोड त्याच भोकात असतो, म्हणून वॉशरची खातरजमा नोझल परत बसवून, इंजिन चालू करून करावी. जुनं वॉशर भोकातच चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसवलं, तर नोझल वर उचललं जातं आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

व्हॉल्व्हमधून हवा जाते असं कळलं की लगेच हेड उतरवायची घाई करू नये. आधी त्या सिलिंडरचे रॉकर पूर्ण ढिले करावेत आणि पुन्हा हवा सोडावी. फुसफुस थांबली, तर व्हॉल्व्ह आणि सीट दोन्ही ठीक आहेत. टॅपेट घट्ट होता आणि व्हॉल्व्हला मिटूच देत नव्हता. फिलर गेजनं माप दिलं की काम संपलं. रॉकर ढिले करूनही हवा जातच राहिली, तरच सीट किंवा व्हॉल्व्हचा दोष. दहा मिनिटांच्या या तपासणीनं कित्येक हेडं पुन्हा उतरवण्यापासून वाचतात.

हेडकामात नेमकं काय राहतं

टॅपेट घट्ट होण्यामागं हेडकामाचाच हात असतो. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो आणि त्याची दांडी वरच्या बाजूला तेवढीच वर येते. सीट आणि व्हॉल्व्ह मिळून ०.३ मिलिमीटर धातू गेला असेल, तर ०.३ मिलिमीटरची टॅपेटची फट तिथंच संपली. म्हणून हेड बसवल्यावर टॅपेट नव्यानं लावावे लागतात. काही ठिकाणी ते लावलेही जातात, पण दुसऱ्यांदा लावायचे राहतात. जुन्या पद्धतीचं पॅकिंग इंजिन तापल्यावर दबतं, हेड किंचित खाली बसतं, आणि पुशरॉड तेवढाच राहिल्यानं फट पुन्हा कमी होते. म्हणून उत्पादकानं सांगितलं असेल तिथं काही तास चालवल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा कसायचे आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा पाहायचे. यातला एक इशारा लक्षात ठेवावा: थंड असताना नीट चालू होणारं इंजिन तापल्यावर मार खाऊ लागलं, तर एक्झॉस्टचा टॅपेट घट्ट असण्याचा संभव मोठा, कारण व्हॉल्व्हची दांडी तापून लांबते. रिंगांचं लक्षण बहुधा उलटं असतं. सकाळी त्रास, तापल्यावर बरं.

दुसरी गोष्ट क्रमाची. सीट कापणाऱ्या हत्याराची दांडी व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये बसते. गाइड झिजलेला असेल तर हत्यार डुलतं आणि सीट तिरपी कापली जाते. मग पेस्ट लावून कितीही घासा, व्हॉल्व्ह चारी बाजूंनी बसत नाही. आधी गाइड, मग सीट, हा क्रम मोडता येत नाही. हेड बसवण्याआधीची पारख सोपी आहे. व्हॉल्व्ह-स्प्रिंग बसवलेलं हेड आडवं करून पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतावं आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. व्हॉल्व्हच्या कडेनं ओल आली की तो पुन्हा करायचा. मालकानं लेथवाल्याकडे उभं राहून ही पारख मागितली, तर कुणी नाही म्हणण्याचं कारण नाही.

तिसरी गोष्ट मापात मावते, पण डोळ्यांना दिसत नाही. वारंवार कापलेल्या सीटमुळं व्हॉल्व्ह एक मिलिमीटर जादा खोल गेले, तर मघाच्या हिशेबातल्या ५४ घन सेंटिमीटर जागेत दोन्ही व्हॉल्व्ह मिळून सुमारे अडीच घन सेंटिमीटरची भर पडते. पॅकिंग मूळच्यापेक्षा ०.३ मिलिमीटर जाड आलं, तर आणखी तेवढीच. जागा ५४ ची ५९ झाली आणि सतराचं प्रमाण साडेपंधरावर आलं. दाब सुमारे दहा टक्क्यांनी घसरला, आणि कुठंही एक बुडबुडाही गळत नाही! हवेच्या चाचणीत इंजिन निर्दोष ठरतं, गेजवर मात्र अशक्त. अशा वेळी सीट नव्या बसवणं आणि पॅकिंग योग्य जाडीचं घेणं हाच इलाज. इथं कुणी सुचवतं की हेडचा फेस आणखी मारा म्हणजे दाब वाढेल. बहुतेक ट्रॅक्टरांच्या इंजिनात हेड तळाशी सपाट असतं आणि ज्वलनाची वाटी पिस्टनमध्ये असते. तिथं फेस मारून पिस्टनवरची जागा फारशी कमी होत नाही. फक्त व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि हेड पातळ होतं.

चौथी गोष्ट बसवण्याची. सरळ पट्टी हेडवर उभी, आडवी आणि दोन्ही कर्णांवर धरून तिच्याखाली फिलर गेज जातो का ते पाहायचं, साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या पुढं वाकडेपणा चालत नाही. हेड सरळ करून आणलं, पण ब्लॉक आणि लायनर तपासले नाहीत, तर काम अर्धंच झालं. पाण्यात उभे असणारे लायनर ब्लॉकच्या वर केसभर उचललेले असावे लागतात, म्हणजे पॅकिंगवर त्यांचा दाब येतो. एक लायनर खाली बसला असेल तर नवं पॅकिंगही तिथं हवा धरत नाही. बोल्टच्या भोकात पाणी किंवा तेल साचलेलं असेल, तर टॉर्क पाना 'झालं' म्हणतो आणि हेड मात्र ढिलंच राहतं. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत कसायचे असतात. अंदाजानं पाइप लावून ओढलेलं हेड कुठं ना कुठं वाकतंच.

रिंगांचं काय?

मिस्त्रीच्या म्हणण्यात तथ्य किती, तेही पाहू. हेड टाइट केल्यानं रिंगा जात नाहीत. त्या आधीच झिजलेल्या असतात. पूर्वी काही हवा व्हॉल्व्हमधून आणि काही रिंगांमधून जात होती. व्हॉल्व्ह नीट झाल्यावर दाब वाढतो, रिंगांमधून थोडी जास्त हवा खाली उतरते आणि ब्रिदरमधला धूर नजरेत भरतो. दोष जुनाच, दिसला आता. म्हणून हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून ठेवलं पाहिजे. ते आधी मोजलं असतं, तर रिंगांचं काम त्याच वेळी ठरलं असतं आणि पॅकिंगचा व मजुरीचा दुहेरी खर्च वाचला असता.

आपल्याकडे रिंगा लवकर का झिजतात, याचं उत्तर शेतात आहे. सोयाबीन आणि तुरीची मळणी चालू असताना ट्रॅक्टर तासन्‌तास एका जागी, भुशाच्या आणि मातीच्या धुरळ्यात उभा असतो. ऑइल बाथ फिल्टरमधलं तेल गाळ होऊन बसतं, पाइपाची क्लिप सैल असते, आणि धूळ थेट लायनरमध्ये पोचते. फिल्टरमधलं तेल वेळेवर बदलणं हे रिंगांचं सर्वांत स्वस्त औषध आहे.

आणि हेड का तापतं, याचं उत्तर पाण्यात आहे. मराठवाड्याचा पाया बेसॉल्टचा. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते भिंतीला थर होऊन बसतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ज्या भागात प्यायच्या पाण्याचे असे हाल होतात, तिथं रेडिएटरमध्ये काय जात असेल, हे सांगायला नको. हेडच्या आतल्या वाटांवर थर चढला की धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही. दोन व्हॉल्व्हच्या मधली अरुंद पट्टी सर्वांत आधी तापते आणि तिथं तडा जातो. कंपनीनं सांगितलेलं तयार कूलंट, किंवा कूलंट आणि क्षार काढलेलं पाणी योग्य प्रमाणात मिसळून वापरलं, तर हेडकामाची वेळच फार उशिरा येते. नवं हेड बसवून त्यात पुन्हा बोअरचं पाणी ओतणं म्हणजे पुढच्या मे महिन्यातलं काम आजच नक्की करून ठेवणं.

पावतीवर काय लिहून घ्यावं

मृगाचा पाऊस पडल्यावर सोयाबीनची पेरणी मिस्त्रीच्या वेळापत्रकाप्रमाणं थांबत नाही. ट्रॅक्टर आठ दिवस गॅरेजात अडकला तर वाफसा निघून जातो आणि भाड्याच्या ट्रॅक्टरपुढंही रांग असते. म्हणून हेडकाम सांगताना पैशांबरोबर आकड्यांचंही बोलून घ्यावं. पावतीच्या मागं एवढं लिहिलेलं असलं तरी पुरे: हेड उतरवण्याआधी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, सरळ पट्टीखाली हेडचा वाकडेपणा, प्रत्येक व्हॉल्व्हची खोली, लायनरची उंची, पॅकिंगची जाडी, बोल्टचा टॉर्क, टॅपेटची मापं, आणि काम झाल्यावर पुन्हा प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन.

यानं मिस्त्रीवर अविश्वास दाखवला जात नाही. उलट, चांगलं काम करणाऱ्या मिस्त्रीचं सर्वांत मोठं संरक्षण यात आहे, कारण आधीचा आकडा कागदावर असला की रिंगांचा जुना दोष त्याच्या माथी मारता येत नाही. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम करून आलेल्या पोरांना ही मापं घ्यायला शिकवलेली असतात. गॅरेजात आल्यावर ती मागणारं कुणी भेटत नाही, म्हणून सवय सुटते. ती मागणी गिऱ्हाइकाकडून आली पाहिजे. एक कॉम्प्रेशन गेज, एक फिलर गेज आणि एक टॉर्क पाना यांची किंमत विनाकारण उघडलेल्या एका हाफ इंजिनापेक्षा कमी असते. नांदेड-लातूर रस्त्यावरच्या प्रत्येक गॅरेजात ही तीन हत्यारं असावीत आणि ती वापरल्याशिवाय हेडच्या पहिल्या बोल्टला पाना लागू नये.